चाल पायांत मुरते तेव्हा

स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात पसरलेल्या हेब्रिडीज बेटांवर एकट्याने नाचायचा एक नाच आहे. नाचणारा ताठ उभा राहतो. हात बाजूंना सैल, खांदे स्थिर, नजर समोर. पायांत मऊ कातड्याचे, नाड्यांनी आवळलेले, पातळ तळव्याचे बूट. शेजारी एखादा फिडलवादक. दोन-तीन मिनिटांत नाच संपतो आणि तेवढ्या वेळात जे घडते ते जवळजवळ सगळे गुडघ्याखाली घडते. पाऊल जमिनीपासून फारसे वर जात नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला प्रश्न पडतो की यात बघायचे काय?

हे पुस्तक त्या प्रश्नासाठी लिहिले आहे. माझे सांगणे एवढेच, की हा नाच आधी ऐकावा, मग पाहावा. फिडलवर चाललेल्या धुनेचा प्रत्येक झटका, प्रत्येक वळण नाचणाऱ्याच्या पावलांत उतरलेले असते. धून कानात बसली की पाय आपोआप दिसू लागतात. ती बसली नाही तर चांगला नर्तकही नुसता जागच्या जागी हालचाल करताना वाटतो.

ग्वाल्हेरच्या मराठी वाचकाला हे पटवायला मला फार श्रम पडू नयेत. ज्या गावात हद्दू खाँ आणि हस्सू खाँ गायले, जिथे शंकर पंडित, त्यांचे चिरंजीव कृष्णराव पंडित आणि राजाभैया पूछवाले यांनी शिष्यांच्या पिढ्या घडवल्या, तिथला जाणता श्रोता लयीला पक्का असतो. मुखडा समेवर कसा उतरला हे त्याला कुणी सांगावे लागत नाही. शिवाय मराठी माणूस म्हणून त्याने वारकऱ्यांची पावली पाहिलेली असते, ढोलीबुवांच्या परंपरेतले नारदीय कीर्तन ऐकलेले असते. पाय आणि ताल यांचे नाते त्याच्या अंगवळणी पडलेले आहे. लष्कर भागातल्या किंवा शिंद्यांच्या छावणीतल्या एखाद्या घरात कथक शिकणारी मुलगी संध्याकाळी तत्काराचा रियाज करते तेव्हा शेजारच्या खोलीतल्या आजोबांना तिची चूक न बघता कळते. स्कॉटिश नाचाला असेच श्रोते हवे आहेत, आणि म्हणूनच हे पुस्तक मी इथल्या वाचकासाठी लिहिले.

स्कॉटलंड आणि ग्वाल्हेर यांची गाठ तशी जुनी आहे, पण ती पडली लढाईत. १६ जून १८५८ रोजी सर ह्यू रोझच्या फौजेने मुरारची छावणी घेतली. त्या फौजेत ७१ वी हायलँड लाइट इन्फंट्री ही स्कॉटिश पलटण होती. त्या दिवसाच्या कामगिरीबद्दल तिच्यातल्या जॉर्ज रॉजर्स नावाच्या शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. लगेचच, एक-दोन दिवसांत, कोटा की सराईजवळ राणी लक्ष्मीबाई धारातीर्थी पडल्या. पुढे १८८६ पर्यंत किल्ला आणि मुरार इंग्रजांच्याच ताब्यात राहिले. हायलँड पलटणींबरोबर पाइप वाजवणारे असत, आणि रील नावाचा वेगवान नाच नाचणे हा त्यांच्या मेसमधला जुना रिवाज. आपल्या लष्करी बँडमध्ये आजही बॅगपाइप वाजतो तो त्याच वाटेने आलेला. राणी जिथे पडल्या त्या गावात हे लिहिताना तो इतिहास वगळून पुढे जाणे मला बरे वाटले नसते. पण पलटणींनी जगभर नेलेला नाच आणि या पुस्तकातला नाच यांत मोठे अंतर आहे. हायलँड फ्लिंग, तलवारींवरचा नाच यांत हात डोक्यावर जातात, उड्या उंच असतात, आणि तो मैदानात, परीक्षकांपुढे, पदकासाठी नाचला जातो. मऊ बुटांचा नाच घरातला, धान्याच्या कोठारातला, लग्नघरातला. जागा कमी, प्रेक्षक ओळखीचे, आणि त्यांतले निम्मे स्वतः नाचणारे.

आता त्याचे व्याकरण पाहू. स्कॉटिश धून बहुधा दोन भागांची असते, आपल्या अस्थाई-अंतऱ्यासारखी. प्रत्येक भाग आठ बारांचा, म्हणजे तालाच्या आठ ठरावीक खंडांचा, आणि प्रत्येक भाग दोनदा वाजतो. अशा रीतीने बत्तीस बारांत धुनेचे एक आवर्तन पुरे होते. नाचही आठ-आठ बारांच्या तुकड्यांचा बनतो. अशा एका तुकड्याला ‘स्टेप’ म्हणतात. पाच, सहा, कधी त्याहून अधिक स्टेप एकामागून एक आल्या की नाच झाला. स्टेपच्या आतली मांडणी तर ग्वाल्हेरच्या माणसाला चटकन ओळखू यावी. अनेक नाचांत पहिल्या सहा बारांत त्या स्टेपची स्वतःची कल्पना खेळवली जाते, आणि शेवटच्या दोन बारांत एक ठरावीक हालचाल येते जी प्रत्येक स्टेपच्या शेवटी तशीच्या तशी परत येते. सहा बार विस्तार, दोन बार मुखडा. प्रेक्षक त्या दोन बारांची वाट पाहत असतो. त्यामुळे सहा बारांत नर्तक कितीही दूर गेला तरी तो घरी कुठून परतणार हे सगळ्यांना माहीत असते आणि त्यातच गंमत असते. जे उजव्या पायाने केले तेच पुढे डाव्या पायाने करायचे, हीही एक मोठी अट. उजव्या हाताने जेवणाऱ्या माणसाला डाव्या हाताने जेवायला लावावे तशी नवशिक्याची अवस्था या अटीपाशी होते.

कथकशी तुलना इथे उपयोगी पडते आणि इथेच ती फसवतेही. तत्कारात पूर्ण तळवा जमिनीवर पडतो, टाचेचा वेगळा आघात असतो, आणि प्रत्येक पायातले शंभर-दीडशे घुंगरू प्रत्येक आघात मोठा करून सांगतात. स्कॉटिश नाचात भार चवड्यावर असतो, टाच किंचित उचललेली, आणि एका पायावर छोटीशी उसळी घेत दुसरा पाय काम करतो: चवड्याने जमीन पुढे घासून परत घासायची, घोट्यापुढे आणि घोट्यामागे पाय आणायचा, अंगठ्याने टिचकी मारायची. मऊ बुटांचा आवाज जवळ बसलेल्यालाच ऐकू जातो. कडक तळव्याच्या बुटांनी ठेका वाजवण्याची पद्धतही स्कॉटलंडमध्ये आहे, पण मऊ बुटांच्या नाचात ठेका ऐकवण्यापेक्षा धून दाखवण्यावर भर. दुसरा फरक याहून खोल आहे. कथकात लेहरा एकच चाललेला असतो. तो मात्रा धरून ठेवतो आणि नर्तक त्यावर तुकडे, परणा, तिहाया रचतो. लेहऱ्याच्या स्वरांशी पावलांचे भांडण नसते, तशी खास मैत्रीही नसते. स्कॉटिश नाचात धून हीच बंदिश आहे. टुलोक गोर्म नावाच्या धुनेवरच्या नाचाचे नाव टुलोक गोर्मच असते. ती धून बदलून दुसरी वाजवली तर पावले उघडी पडतात.

स्ट्रॅथस्पे नावाचा धुनेचा एक प्रकार आहे, स्पे नदीच्या खोऱ्यातला. चार मात्रांचा, रीलच्या मानाने संथ, आणि त्यात एक खास झटका असतो: एका मात्रेतला पहिला स्वर चतकोर आणि दुसरा पाऊण. आपल्या कानाला हे उलटे वाटते, कारण आपण बहुधा लांब स्वरावर टेकून आखूड स्वराने पुढे सरकतो. इथे आधी ठिणगी आणि मग लांबण. नर्तकाचा पाय तो चतकोर स्वर जमिनीवर टिपतो आणि पाऊण स्वरात हवेत थांबतो. ही हवेतली स्थिरता ज्याला साधली तो नर्तक. रील त्या मानाने सरळ आणि वेगवान. जिग सहाच्या चालीची, दादऱ्याची सवय असलेल्या माणसाला लगेच आपलीशी वाटणारी. म्हणून पुढच्या प्रकरणांत मी जिगपासून सुरुवात केली आहे आणि स्ट्रॅथस्पे शेवटी ठेवला आहे, जरी स्कॉटलंडमधले शिक्षक बहुधा तसा क्रम ठेवणार नाहीत.

या नाचाकडे मला सर्वांत जास्त ओढले ते त्याच्या पढंतीने. गेलिक भाषेत ‘पुर्श्ट अ बियल’ म्हणजे तोंडाने म्हणायच्या नाचाच्या धुना. घरात वाद्य नसेल, किंवा वाजवणारा नसेल, तर एखादी बाई कोपऱ्यात बसून धून तोंडाने म्हणत असे आणि तिच्यावर बाकीचे नाचत. शब्द साधे, बरेचसे गमतीचे, काही निव्वळ नादाचे. अर्थापेक्षा ते जिभेवर किती ठोस पडतात याला महत्त्व. चांगली गाणारी श्वास कुठे घेते तेही नाचणाऱ्याला माहीत असे. पाइपवादकांची तर याहून शिस्तीची बोलपद्धती होती. गुरू शिष्याला लांबलचक रचना ‘हिहारिन’सारख्या बोलांत म्हणून शिकवी, आणि प्रत्येक अलंकाराला आपला बोल ठरलेला असे. १७९७ सालचे कॅम्पबेल हस्तलिखित अशा बोलांतच लिहिलेले आहे, स्वरलिपीचा एकही टिंब न वापरता. ‘ता थेई थेई तत्’ म्हणत मोठ्या झालेल्या मुलीला या हस्तलिखिताचे पान दाखवावे. तिला त्यात परकेपणा वाटणार नाही.

लिखित पुरावे मात्र तुटक आहेत आणि ते कुणी, का लिहिले हे पाहून वापरावे लागतात. फ्रान्सिस पीकॉक हा ॲबरडीनमध्ये १७४७ पासून नृत्य शिकवत होता. म्हातारपणी, १८०५ मध्ये, त्याने आपले पुस्तक छापले आणि त्यात रीलमधल्या पावलांची गेलिक नावे नोंदवली. शहरातला, संभावित घरांत शिकवणारा हा माणूस डोंगराळ भागातल्या लोकांच्या पायांबद्दल मनापासून आदराने लिहितो. ॲबरडीनशरमधल्या आल्फर्ड गावच्या फ्रेडरिक हिल याची १८४१ सालची वही तर खास जपण्यासारखी. त्याने स्वतःच्या उपयोगासाठी नाच टिपून ठेवले होते, आणि त्यांत एकेकट्याने नाचायचे अनेक नाच आहेत. आपल्याकडे जुन्या गवयांच्या वह्या सापडतात तशीच ही वही: लिहिणाऱ्याला जे पाठच होते ते तो लिहीत नाही. त्यामुळे वाचणाऱ्याला गाळलेल्या जागा भरून काढाव्या लागतात.

गावोगाव फिरणाऱ्या नृत्यशिक्षकाला स्कॉट लोक ‘डान्सी’ म्हणत. तो एका गावात काही आठवडे मुक्काम करी, कोठारात किंवा सभागृहात वर्ग घेई, स्वतःच फिडल वाजवत पावले दाखवी, आणि शेवटी सगळ्या शिष्यांचा एक जलसा होई. प्रख्यात फिडलवादक जेम्स स्कॉट स्किनर (१८४३–१९२७) हादेखील नृत्यशिक्षकच होता. बेटांवर हे काम यूअन मॅक्लॅकलन याने केले. १८४० च्या सुमारास तो दक्षिण उइस्ट बेटावर आला आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत तिथे आणि जवळच्या बॅरा बेटावर शिकवत राहिला. फ्रान्समध्ये त्याने काही काळ काढला होता अशी आठवण तिथले लोक सांगत. आज ज्यांना हेब्रिडियन नाच म्हणतात त्यांतले बरेचसे या एका माणसाच्या शिष्यपरंपरेतून आलेले आहेत. एखाद्या संपूर्ण प्रदेशाची कला एका गुरूच्या पायांतून पुढे जाते हे ऐकून आपल्याला आश्चर्य वाटू नये. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशींकडे शिकले नसते आणि मग मिरजेत त्यांच्याकडे विष्णु दिगंबर शिकले नसते, तर महाराष्ट्रातले गाणे आज कसे असते याचा विचार करून पाहावा.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मॅक्लॅकलनचे नाच विस्मरणाच्या काठावर आले होते. ते टिपून घेणाऱ्यांत टॉम आणि जोन फ्लेट या जोडप्याचे ऋण मोठे. टॉम फ्लेट व्यवसायाने गणितज्ञ होते. कलनशास्त्रात त्यांच्या नावाचा एक सिद्धान्तही आहे. सुट्टीच्या दिवसांत हे दोघे स्कॉटलंडभर फिरून म्हाताऱ्या नर्तकांना भेटत, पावले विचारत, करून पाहत, पुन्हा विचारत. त्यांचे सामाजिक नाचांवरचे पुस्तक १९६४ मध्ये आले. एकेकट्याच्या नाचांवरचे पुस्तक टॉम यांच्या निधनानंतर वीस वर्षांनी, १९९६ मध्ये निघाले. गणितज्ञाची नजर त्या पानापानांवर दिसते: कुठला पाय, कितवा बार, कुणी सांगितले, कुठे मतभेद. भातखंडेंची क्रमिक पुस्तके ज्याने वापरली आहेत त्याला या कामाची किंमत कळेल.

दुसरी वाट समुद्रापारची. जमीनदारांनी मेंढ्यांसाठी कुळांना हुसकावले, दुष्काळ पडले, आणि हजारो गेलिक कुटुंबे कॅनडाच्या केप ब्रेटन बेटावर जाऊन वसली. जाताना त्यांनी फिडल, भाषा आणि पाय बरोबर नेले. तिथे स्ट्रॅथस्पेवरून थेट रीलवर जाणारा, जमिनीला चिकटून चालणारा नाच स्वयंपाकघरांत आणि सभागृहांत पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिला. १९८० नंतरच्या काळात केप ब्रेटनचे वादक आणि नर्तक स्कॉटलंडमध्ये शिकवायला येऊ लागले, विशेषतः स्काय बेटावरच्या गेलिक महाविद्यालयात, आणि मोठा वाद पेटला. हा आपलाच हरवलेला नाच परत आला, असे काहींचे म्हणणे. काहींचे म्हणणे असे की दोनशे वर्षांत तो तिथलाच झाला आहे, त्याला आपला जुना नाच म्हणणे चूक. दोन्ही बाजूंनी तळमळीने लिहिले गेले आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये लष्कर वसवले तेव्हापासून इथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा वाद पुस्तकी वाटणार नाही. पुण्याचे पाहुणे आले की आमच्या मराठीतले हिंदी वळण ते दाखवतात, आणि त्यांच्याकडे कधीच मागे पडलेले काही शब्द आमच्या आज्यांच्या तोंडी ऐकून चकित होतात. केप ब्रेटनच्या नर्तकाचेही तसेच आहे. काही त्याने राखले, काही बदलले, आणि त्याच्या पायांत या दोहोंना वेगळे काढता येत नाही. कोणाचा नाच खरा हे ठरवण्यात मला रस नाही. त्याचे पाय धुनेवर आहेत का, एवढे मी पाहतो.

आणि इथे मी या पुस्तकाच्या मुख्य मुद्द्यावर येतो. आज स्कॉटलंडमध्ये आणि बाहेरही जुन्या वळणाचे नवे नाच रचले जातात. एखादा शिक्षक जुनी धून घेतो, कधी नवीही, आणि तिच्यावर मऊ बुटांच्या सहा स्टेप बांधतो. अशा नाचांना ‘पारंपरिक’ म्हणावे का, हा प्रश्न वारंवार विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या स्वरात बहुधा संशय असतो. माझ्या मते हा संशय परंपरेला संग्रहालय समजण्यातून येतो. ग्वाल्हेरने असे कधी समजले नाही. भातखंड्यांनी रागांची लक्षणगीते रचली, त्यांत ‘चतुर’ ही मुद्रा घातली, आणि १९१८ मध्ये इथे माधव संगीत विद्यालय निघाले ते त्यांच्याच पद्धतीवर. या रचना नव्या आहेत म्हणून त्यांना कुणी परंपरेबाहेर काढले नाही. राग पाळला, ताल पाळला, मुखडा नीट आला, की बंदिश घराण्याची झाली. कथकात तर गुरूने स्वतःचे तुकडे, तिहाया बांधल्या नाहीत तरच नवल. पुण्याच्या रोहिणीताई भाटे यांनी आयुष्यभर रचना केल्या आणि त्या आता शिष्यांच्या पायांत जुन्या झाल्या आहेत. याच शहरात शांती बर्धन यांच्या लिटल बॅले ट्रूपचा मुक्काम बरीच वर्षे होता. कळसूत्री बाहुल्यांची चाल माणसांच्या अंगात उतरवून त्यांनी रामायण उभे केले. साचा खेड्यातला, रचना एका माणसाची. ज्यांनी तो प्रयोग पाहिला त्यांनी जुने-नवे असा हिशेब मांडला नसावा.

स्कॉटिश नाचातही वळण पाळले की नाही हे तपासण्याच्या कसोट्या आहेत, आणि त्या कडक आहेत. धून आधी, पावले नंतर. आठ बारांच्या चौकटीला धक्का लागता कामा नये. शेवटचे दोन बार ओळखीचे असावेत. डाव्या पायाने जमत नाही म्हणून कुठलीही सवलत नाही. हालचाल लहान जागेत मावावी आणि हात गप्प राहावेत. आणि जी पावले वापरायची ती परंपरेच्या ठेव्यातली असावीत. त्यांची जुळणी नवी. शेवटच्या अटीबद्दल शिक्षकांत मतभेद आहेत, पण मी ती मानतो. शब्द सगळेच नवे केले तर भाषा उरत नाही. या कसोट्यांना उतरणारा नवा नाच मला मॅक्लॅकलनच्या नाचांइतकाच अस्सल वाटतो, कारण त्यानेही कधीतरी, कुठल्यातरी कोठारात, ते नवेच बांधले असणार. जी परंपरा नवी रचना करू शकत नाही तिचे जुने नाचही फार काळ चांगले नाचले जात नाहीत. पाठ केलेली पावले हळूहळू धुनेपासून सुटतात आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून या पुस्तकाचा शेवटचा भाग रचनेसाठी ठेवला आहे.

वाचताना काही गोष्टी पाळाव्यात. कुठलेही प्रकरण उघडण्याआधी त्यातली धून दहा-बारा वेळा ऐकावी आणि तोंडाने म्हणता आली पाहिजे. शब्द नसतील तर आपल्या सोयीचे बोल घालावेत. तबल्याचे चालतील, कथकचे चालतील. कथक शिकलेल्यांनी घुंगरू काढून ठेवावेत आणि पहिले काही दिवस अनवाणी, चवड्यांवर, नुसत्या उसळीचा रियाज करावा. पोटऱ्या दुखतील, कारण तत्काराने घडलेल्या पायांना टाच उचलून धरण्याची सवय नसते. फरशीवर हा नाच करू नये, गुडघ्यांना ते सोसत नाही. लाकडी फळी किंवा जाड सतरंजीखाली प्लायवूड पुरेसे आहे. मऊ बूट मिळाले नाहीत तर पातळ तळव्याच्या कापडी बुटांवर भागते. पहिल्या प्रकरणातली जिग ज्याला उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही पायांनी, न थांबता, स्वतः धून म्हणत नाचता आली, त्याने दुसरे प्रकरण उघडावे.